लाल शाईतला मथळा

माझ्या हातून आयुष्यात झालेला सगळ्यात मोठा मूर्खपणा कागदाच्या वरच्या एका ओळीत मावतो. कोऱ्या फुलस्केपवर, पट्टी लावून, लाल शाईने मी लिहिलं होतं: ‘बांधकाम कामगार सुरक्षा प्रशिक्षण शिबिर’. खाली दोन रेघा, दुसरी पहिलीपेक्षा जाड. त्याखाली जरा लहान अक्षरात ‘मार्गदर्शक’, आणि पुढे पदवीसकट माझं नाव.

त्या दिवशी तिथे प्रशिक्षण झालं नव्हतं. शिबिरही नव्हतं. आणि मार्गदर्शन म्हणाल तर मी एका कोंबडीला हाकललं, तेवढंच.

तेव्हा मी नुकती निवृत्त झाले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून घरी बसले, आणि घरी बसल्यावर कळलं की आपल्याला बसता येत नाही. सकाळी साडेदहाला पाय आपोआप उंबऱ्याकडे जायचे. भाजीवालीला पाढे विचारायची, पोस्टमनच्या पत्त्यातल्या वेलांट्या दुरुस्त करायची. पर्समध्ये दोन पेनं, एक पट्टी, खडूची डबी आणि अंगठ्यासाठी निळ्या शाईचा पॅड, असा संसार घेऊन आमच्या खापर गावच्या बाजारात फिरणारी, इस्त्रीच्या साडीतली ती साठीची बाई आज समोर आली तर मी रस्ता बदलीन.

अशा बाईला शहरातल्या कॉलेजच्या एक प्राध्यापक बाई शोधत आल्या. त्यांचं काम वेगळं होतं. आमच्या डोंगरातली माणसं दिवाळीनंतर जीपमध्ये कोंबून सीमेपलीकडे गुजरातेत इमारतींच्या कामाला जातात, होळीला चार दिवस घरी येतात आणि पुन्हा पावसापर्यंत जातात. तिथे ती पडतात, चिरडतात, विजेला चिकटतात. गावात परत येते ती फक्त बातमी. प्राध्यापक बाईंचं म्हणणं असं, की या कामातला धोका काय आहे याचा अभ्यास काम करणाऱ्यांनीच करायचा. प्रश्न त्यांनी ठरवायचे, उत्तरं त्यांनी शोधायची, उपाय त्यांनी सुचवायचे. आपण सोबत राहायचं, लिहून घ्यायचं आणि ते जिथे पोहोचायला हवं तिथे पोहोचवायचं.

“तुम्हाला इथली बोली येते, निम्मी माणसं तुमची विद्यार्थी आहेत,” त्या मला म्हणाल्या. “तुम्ही फक्त ऐकायचं.”

“ऐकते की,” मी म्हणाले. चौतीस वर्षांत मी कुणाचं ऐकलं होतं ते देव जाणे.

होळीआधीच्या बाजाराचा दिवस धरला, कारण त्या दिवशी सगळा डोंगर खाली उतरलेला असतो. बाजाराच्या कडेला धान्य व्यापाऱ्याची पत्र्याची रिकामी शेड होती, ती मागून घेतली. एकाच टोळीतल्या बारा-तेरा बाया आल्या, चार-पाच पुरुष. त्यांत एक होती ती माझ्या वर्गात तिसरीपर्यंत शिकलेली. कडेवर धाकटं भावंड घेऊन शाळेत यायची म्हणून मी तिला कितीदा दाराबाहेर उभं केलं होतं. आता तिशीची, दंड लोखंडासारखे, पायात चांदीची कडी. घरी भिली बोलायची, पण बाजारात आणि माझ्याशी अहिराणी. बाहेर उभं राहण्याची तिला सवय राहिली नव्हती. आली आणि मधोमध बसली.

प्राध्यापक बाई म्हणाल्या, आधी जमिनीवर इमारत काढू या. मी खडू काढलाच. पहिलीच्या फळ्यावर काढतात तशी इमारत: चौकोनी खिडक्या, दार, दाराशी फुलझाड. सूर्यही काढणार होते.

माझी ती विद्यार्थिनी तोंडाला पदर लावून हसली. “बाई, तो खडू आण आठे. आसं घर नही ऱ्हास.”

तिने माझ्या हातातून खडू घेतला आणि फुलझाडावरूनच रेघ ओढली. भिंती नसलेले मजले, बाहेरून चढायला बांबूची परांची, मध्ये जिना, जिन्याशेजारी वरपासून खालपर्यंत गेलेली एक पोकळी. ती लिफ्टची. लिफ्ट अजून यायची होती, नुसता खड्डा तयार. बाकीच्या बाया सरकून जवळ आल्या. “रेतीना ढिगारा आठे काढ,” “पानीना पाइप इसरनी तू,” असं चालू झालं. मला कुणी काही विचारेना. मला फार राग आला होता तेव्हा, हे कबूल करते. शाळा माझी, खडू माझा!

मग प्राध्यापक बाईंनी मक्याचे दाणे वाटले. जिथे भीती वाटते तिथे दाणे ठेवायचे, जास्त भीती तिथे जास्त. थोडे परांचीवर पडले, थोडे विजेच्या वायरींवर. एका पोरसवदा बाईने मुतारीच्या जागी तीन दाणे ठेवले. तिथे दार नव्हतं. पण सगळ्यात मोठा ढीग झाला लिफ्टच्या खड्ड्याशी. जी येई ती तिथे मूठ रिकामी करी.

“का गं?” प्राध्यापक बाईंनी विचारलं.

माझी विद्यार्थिनी म्हणाली, “तठे बांबू नही, कठडा नही. वर नुसती प्लाय ठेई देतस. त्यावर रेती पडस, सिमेंट पडस. मंग ती जमीननी मायक दिखस. डोकावर घमेलं ऱ्हास, खाले कोन देखस? एक दिन कोन्ही तरी जाई खाले.”

घमेलं डोक्यावर असलं की मान खाली वळत नाही. साधी गोष्ट. इतकी साधी की ती मजले चढवणाऱ्या एकाही शिकलेल्या माणसाला सुचली नव्हती. हिने ती दोन वाक्यांत सांगितली, आणि उपायही सांगितला. प्लायला लाल रंग मारायचा आणि चहूबाजूंनी कमरेइतका बांबू आडवा बांधायचा. अर्ध्या दिवसाचं काम, तेही त्या स्वतःच करायला तयार होत्या. फक्त बांबू द्या.

प्राध्यापक बाईंनी हे सगळं त्यांच्या वहीत लिहून घेतलं. मोबाइलवर फोटो काढला: खडूची इमारत, दाण्यांचा ढीग आणि त्या ढिगाकडे दाखवणारं माझ्या विद्यार्थिनीचं बोट. फोटो निघाला आणि तेवढ्यात कोठून तरी एक लाल कोंबडी आली. तिने लिफ्टचा खड्डा फस्त केला, मग परांचीकडे वळली. मी साडी खोचून तिच्यामागे धावले. बाया पोट धरधरून हसल्या. “बाईले पळताना कधी देखं नव्हतं!” नातवंडांना मी ही गोष्ट सांगते तेव्हा ती इथपर्यंत हसतात. पुढे माझा आवाज चढतो आणि ती हळूच अंगणात सटकतात.

आता हजेरी. प्राध्यापक बाईंनी सांगितलं होतं, एका साध्या कागदावर आलेल्यांची नावं घ्या. साधा कागद म्हणे! निवृत्तीनंतरचा माझा पहिला अधिकृत कागद होता तो. मी पट्टी काढली, लाल पेन काढलं, आणि वर जे लिहिलं ते तुम्हाला सांगितलंच आहे. खाली नावं, समोर सह्या, ज्यांना येत नाही त्यांचे निळे अंगठे. एकीचा अंगठा माझ्या जाड रेघेवर गेला तर मी तिला रागावले.

प्राध्यापक बाईंनी कागद पाहिला. “हे ‘प्रशिक्षण’ कशाला? आपण तर त्यांच्याकडून…”

“असू द्या हो,” मी म्हणाले. “कागद कसा नीट दिसतो.”

टोळीचा मुकादम शेडच्या तोंडाशी उभा होता. टोळी जमवणारा, जीप भरणारा, साइटवर सगळ्यांना हाकणारा तोच. तोही जवळच्याच गावातला, गोड बोलणारा. सगळं आवरल्यावर माझ्याजवळ आला, कागद हातात घेऊन मान डोलावली.

“काय अक्षर शे बाई तुमनं! मोतीनं मायक. आमना शेठले दाखाडाले एक झेरॉक्स भेटी का?”

एक? मी स्वतः उन्हात झेरॉक्सच्या दुकानापर्यंत गेले आणि त्याला दोन काढून दिल्या.

होळी झाली, जीपा पुन्हा भरल्या. प्राध्यापक बाईंनी कठड्याचं आणि रंगाचं नीट टाइप करून त्या साइटच्या मालकाला पाठवलं. उत्तर आलं नाही. त्यांनी फोन केला, बघतो, म्हणाले. पाहिलं कुणीच नाही.

उन्हाळ्यात, भर दुपारी, माझी विद्यार्थिनी डोक्यावर घमेलं घेऊन दुसऱ्या मजल्यावर चालत होती. प्लायवर सिमेंटचा थर साचलेला होता. जमीन समजून तिने पाय ठेवला. प्लाय तिरपी झाली आणि ती खाली गेली. तळाशी सेंट्रिंगच्या फळ्या रचलेल्या होत्या म्हणून जीव वाचला. उजवी मांडी मोडली, खुबा सरकला.

प्राध्यापक बाईंबरोबर मी पलीकडच्या गावच्या सरकारी दवाखान्यात गेले. ती उताणी पडलेली, पायाला वजन टांगलेलं. चांदीची कडी काढून बहिणीच्या हातात दिली होती. मी तिच्या उशाची चादर सरळ करत बसले. ती सरळच होती.

तिने माझ्याकडे पाहिलं. “मी सांगेल व्हतं ना, बाई?”

“हो गं.”

“खड्डावर बोट ठेयेल व्हतं मी.”

एवढंच बोलली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मला अजून माहीत नव्हतं की माझा कागद माझ्याआधी सीमेपलीकडे पोहोचला होता.

ते कळलं कामगार खात्याच्या कचेरीत. अपघाताची चौकशी चालू होती, तीत आम्हा दोघींना बोलावलं होतं. मालकाच्या बाजूने फाइल आली होती, गुजरातीत. सीमेवरच्या गावात राहून मला वाचता येते तेवढी. लिहिलं होतं ते असं: सदर महिला कामगाराला सुरक्षेचं प्रशिक्षण दिलेलं होतं, धोक्याच्या जागेची तिला कल्पना होती, तरीही ती तिथून चालत गेली, सबब अपघात तिच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. पुरावा म्हणून मागे एक झेरॉक्स टाचलेली. तिच्यात माझी लाल शाई काळी झाली होती. अक्षर मात्र सुरेख आलं होतं.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “बेन, आ अक्षर तमारा छे?”

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं ते कुठल्याही दुसरीच्या पोराने सांगितलं असतं. मी काय केलं? मी म्हणाले, “म्हणजे… तशी थोडी चर्चा झाली… मार्गदर्शनपर…” माझं नाव होतं ना तिथे, पदवीसकट! चौतीस वर्षांची मास्तरीण खोटं लिहिते हे कसं म्हणायचं? साहेबांनी मान हलवली आणि ‘मार्गदर्शन’ असं टिपून घेतलं. बाहेर आल्यावर प्राध्यापक बाई झपझप पुढे चालत निघाल्या. बसस्टँडवर मला चहा दिला आणि लांबच्या बाकावर जाऊन बसल्या.

मला त्या मुकादमाचा राग आहे. मालकाचा आहे; त्याला बांबू सापडला नाही आणि झेरॉक्स मात्र बरोबर सापडली. आणि खापरच्या बाजारात दुकानाच्या पायरीवर बसून “या लोकांचं लक्षच नसतं हो कामात” म्हणणाऱ्या सगळ्यांचा आहे. दिवसभर ओली वाळू डोक्यावर वाहून बघा एकदा, मग लक्षाचं बोलू. निष्काळजी! पडण्याच्या महिनाभर आधी जिने जागा दाखवली, कारण सांगितलं, उपाय सांगितला, बांधायला स्वतःचे हात देऊ केले, ती निष्काळजी. काळजी कशाला म्हणतात मग तुमच्यात? आणि या सगळ्यांना हा शब्द वापरायची सोय कुणी करून दिली? इस्त्रीच्या साडीतल्या त्या बाईने. तिच्यावरचा राग सगळ्यात जास्त आहे आणि तिला घराबाहेर काढता येत नाही.

पावसाच्या तोंडावर त्या टोळीतल्या बाया पेरणीसाठी डोंगरात परतल्या होत्या. प्राध्यापक बाईंनी पुन्हा बैठक घेतली, या वेळी त्यांच्या पाड्यावर. मी मागे बसले. मला कुणी पुढे बोलावलंही नाही. मुकादमाने निरोप धाडला होता: कुणी साक्ष दिली तर तिला दिवाळीला जीपमध्ये जागा नाही. बायांनी आपसात भिलीत बराच वेळ बोलणं केलं. मग एकेक करून सहा जणी म्हणाल्या, आम्ही येतो. त्यांच्या घरातलं अर्धं वर्ष त्या जीपवर चालायचं. मुतारीशी तीन दाणे ठेवणारी पोरही त्यांत होती.

मला फक्त माझा मान सोडायचा होता, आणि तो सोडायला मी दोन महिने घेतले होते.

सहा जणी, प्राध्यापक बाई आणि मी, अशा आम्ही पुन्हा त्या कचेरीत गेलो. बायांनी टेबलावर खडूची ती इमारत परत काढली, साहेबांच्याच कागदावर, त्यांच्याच पेनाने. प्रत्येकीने पडण्याच्या जागेवर बोट ठेवलं. प्राध्यापक बाईंनी फोटो दाखवला. साहेब म्हणाले, हे दाणे कसले? बायांनी सांगितलं. साहेबांनी फोटो जवळ धरला, मोठा केला, तारीख पाहिली. मग माझ्याकडे वळले.

मी घरून लिहून नेलं होतं. या वेळी निळ्या शाईत, रेघा न मारता. ‘सदर दिवशी कोणतेही प्रशिक्षण झाले नाही. कामगारांनी आम्हाला धोके सांगितले. मथळा मी माझ्या मोठेपणासाठी लिहिला. तो खोटा आहे.’

साहेबांनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं. वाचलं.

“तो तमे खोटुं लख्युं हतुं?”

“हो साहेब. खोटं लिहिलं होतं.”

“शिक्षिका थईने?”

“शिक्षिका असून.”

सहा जणींपैकी कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अहवालातून ‘निष्काळजीपणा’ हा शब्द गेला. झाकण धड नव्हतं, कठडा नव्हता, कामगारांनी आधी कळवलं होतं, असं आलं. उपचाराची आणि भरपाईची जबाबदारी मालकावर आली. त्या साइटवर सगळ्या खड्ड्यांना बांबू लागले आणि प्लायला लाल रंग. दुसऱ्या साइटवर लागले का, ते मला माहीत नाही, आणि त्या ‘माहीत नाही’नेच मला अजून चीड येते. त्या सहा जणींना त्या मुकादमाने खरंच जीपमध्ये घेतलं नाही. दुसऱ्याकडून गेल्या, लांबच्या गावी. माझी विद्यार्थिनी चालायला लागली, पण उजवा पाय आखूड राहिला तो राहिलाच. डोक्यावर घमेलं पुन्हा चढलं नाही.

दिवाळीच्या आधी मी तिच्या घरी गेले, कडी तिच्या पायात परत आलेली पाहायला. ती ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं: झेरॉक्स, पहिल्या वेळचं माझं ‘मार्गदर्शनपर’, दुसऱ्या वेळचं ‘खोटं आहे’. लपवलं काही नाही. पर्स मांडीवर घट्ट धरून बोलत होते, वर्गाबाहेर उभी केल्यासारखी.

ती ऐकत राहिली. शेंगांचा ढीग बाजूला सारला, हात झटकले. माझ्या पर्सची चेन स्वतःच उघडली, आतून पेन, पट्टी आणि निळ्या शाईचा पॅड काढून माझ्यासमोर ओट्यावर ओळीने मांडला. मग म्हणाली:

“आते नवा कागद ले, बाई. वर लिख, आम्हीन ह्या मास्तरीणले शिकाडं. आनि खाले सही नको करू, अंगठा दे.”